तुमच्या बॅरलला कोणती गोळी मानवते? .२२ मॅच काडतुसांचा लॉट निवडताना

इंटरनेटवर ‘अचूक काडतूस’ शोधलं की पहिल्यांदा समोर येतात ते अमेरिकेतले सल्ले: कोल्हे आणि कायोटी मारायला कोणतं कॅलिबर (गोळीचा व्यास), किती ग्रेनची (वजनाचं माप) गोळी, किती वेग. ते सगळं तिथेच राहू द्यावं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे आणि कोल्हा, खोकड दोघेही संरक्षित आहेत. शिवाय ती काडतुसं लागल्यावर फुटणाऱ्या, पसरणाऱ्या गोळीच्या हिशेबाने बनतात. आपल्याला हवं असतं ५० मीटरवरच्या कागदात त्याच जागी पुन्हा पडणारं भोक. मुंबईत वरळीच्या रेंजवर प्रोन (पालथं झोपून) किंवा थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) मारणाऱ्याच्या कामाचं काडतूस एकच, .२२ लाँग रायफल. प्रश्न कॅलिबरचा नसतो, लॉटचा असतो.

लॉट म्हणजे एकाच यंत्रावर, त्याच बारुदाने आणि त्याच शिशाने सलग बनवलेला माल. पन्नास काडतुसांच्या डबीवर त्याचा नंबर छापलेला असतो. दहा डब्यांची ५०० ची वीट, दहा विटांची ५,००० ची पेटी. सारख्याच नावाच्या, सारख्याच किमतीच्या दोन डब्या वेगवेगळ्या लॉटच्या असतील तर एका बॅरलमधून त्या दोन वेगळ्या ब्रँडसारख्या वागू शकतात. महाग डबी म्हणजे चांगली गोळी हा हिशेबही पूर्ण खरा नाही. बड्या कंपन्या एकाच प्रकारचा माल बनवतात, स्वतःच्या चाचणी बॅरलमधून मारून पाहतात आणि निकालानुसार त्याला वरचं किंवा खालचं नाव देतात. त्यांची बॅरल म्हणजे तुमची बॅरल नव्हे. म्हणून लापुआ कंपनीच्या खालच्या दर्जाच्या सेंटर-एक्सचा एखादा लॉट तुमच्या आन्शुट्झ रायफलमधून वरच्या दर्जाच्या मिडास प्लसपेक्षा घट्ट ग्रुप (फटक्यांचा झुबका) देऊ शकतो, आणि एले कंपनीच्या महागड्या टेनेक्सचा एखादा लॉट निराश करू शकतो.

फरक किती गुणांचा?

५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि गोळीच्या भोकाचा व्यास ५.६ धरतात. भोकाची कड वर्तुळाला शिवली तरी दहा, म्हणजे गोळीचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. दशांश मोजणीत दर ०.८ मिलिमीटरला एक दशांश जातो: ०.८ च्या आत १०.९, १.६ च्या आत १०.८, आणि असं पुढे.

समजा लॉट ‘अ’ चे फटके ग्रुपच्या मध्यापासून सरासरी ३ मिलिमीटरवर पडतात आणि लॉट ‘ब’ चे ४ वर. रायफल शिकंज्यात धरलेली असती तर दर गोळीला सव्वा दशांश, म्हणजे ६० गोळ्यांत साडेसात गुण गेले असते. प्रत्यक्षात तुमचं स्वतःचं हलणंही त्यात असतं आणि दोन्ही चुका सरळ बेरजेने वाढत नाहीत, वर्गांच्या बेरजेने वाढतात. तुमची सरासरी चूक ५ मिलिमीटर असेल तर ‘अ’ सोबत ती ५.८ होते आणि ‘ब’ सोबत ६.४. फरक ६० गोळ्यांत चार गुणांच्या वर. प्रोनमध्ये, जिथे सगळं दशांशात मोजतात, चार गुणांत निकालाच्या यादीत बरीच नावं मावतात. थ्री पोझिशनच्या पात्रता फेरीत पूर्ण गुण धरतात, पण बरोबरी झाली की आतले दहा मोजतात. ते वर्तुळ फक्त ५ मिलिमीटरचं. स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकलं तो हाच.

याच गणिताचा उलटा अर्थ नवशिक्यांनी लक्षात घ्यावा. तुमची चूक १० मिलिमीटर असेल तर लॉटमधला तोच फरक अर्ध्या दशांशाच्याही खाली जातो. अशा वेळी टेनेक्सवर पैसे घालवण्याऐवजी एसके स्टँडर्ड प्लससारखी साधी, सबसॉनिक (ध्वनीपेक्षा हळू सुटणारी) काडतुसं भरपूर मारावीत. लॉट-चाचणीच्या मागे लागायचं ते प्रोनमध्ये दशांशाची सरासरी १०.२ च्या आसपास स्थिरावल्यावर.

डबीवर काय वाचायचं

वेग. मॅच काडतुसांची ४० ग्रेनची, म्हणजे साधारण २.६ ग्रॅमची, शिशाची गोळी सेकंदाला ३२० ते ३३० मीटर वेगाने सुटते. मुद्दामच ध्वनीच्या वेगाखाली. ‘हाय व्हेलॉसिटी’ लिहिलेली काडतुसं ३८० च्या आसपास सुटतात आणि वाटेत कधीतरी ध्वनीच्या वेगातून खाली येतात. त्या टप्प्यात गोळी हेलकावते. जास्त वेग म्हणजे सरळ गोळी, हा समज रेंजवर अजूनही ऐकू येतो. .२२ पुरता तो सोडून द्यावा.

एलेच्या वरच्या दर्जाच्या डब्यांवर लॉट नंबराजवळ वेगही छापतात, फूट प्रति सेकंदात. एखाद्या बॅरलला १,०६० च्या आसपासचे लॉट मानवतात असं दिसलं तर पुढच्या वेळी तिथून शोध सुरू करायला तो आकडा उपयोगी पडतो. पण आकडा सारखा म्हणून ग्रुप सारखा, असं होत नाही.

दोन लॉटच्या सरासरी वेगात फरक असला तर फक्त साइट (नेम धरायचं साधन) हलवावी लागते. त्याच लॉटमध्ये काडतुसागणिक वेग वरखाली होत असेल तर मात्र ग्रुप उभा ताणला जातो. ५० मीटरपर्यंत जायला गोळीला सुमारे ०.१६ सेकंद लागतात आणि तेवढ्यात ती साधारण १२ सेंटिमीटर खाली येते. वेगात १० मीटर प्रति सेकंदाचा फरक पडला तर फटका साडेसात मिलिमीटर वर किंवा खाली. म्हणजे जवळजवळ एक पूर्ण गुण, तोही तुमची काही चूक नसताना.

काडतुसं मिळवणं हाच अर्धा कार्यक्रम

परदेशी शूटर सात-आठ लॉटच्या डब्या दुकानातून उचलतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याखालचा परवाना, त्यावरची काडतुसांची मर्यादा आणि प्रत्येक खरेदीची नोंद. चांगली मॅच काडतुसं जवळजवळ सगळी आयात केलेली, आणि ती संघटनेमार्फत किंवा क्लबमार्फत जेव्हा येतात तेव्हा येतात. त्यामुळे ‘कोणता लॉट सर्वोत्तम’ हा प्रश्न बहुतेकांसाठी ‘आलेल्या दोन-तीन लॉटपैकी कोणता’ एवढाच असतो. तरीही चाचणी करावीच, कारण त्या तिघांतही ‘अ’ आणि ‘ब’ एवढा फरक असू शकतो.

व्यवहार्य रीत अशी: नवीन माल आला की पूर्ण कोटा एका लॉटवर अडकवू नका. आधी प्रत्येक लॉटच्या दोनच डब्या घ्या, मारा, मग उरलेली मागणी नोंदवा. क्लबमध्ये चार जण एकाच मालावर असतील तर चाचण्या एकाच आठवड्यात उरका. ज्याला जो लॉट मानवला तो त्याने क्लबच्या वहीतून रीतसर उचलावा. काडतुसं परस्पर हातउसनी देऊ-घेऊ नका, परवान्याच्या नोंदी जुळल्या नाहीत तर प्रकरण कोर्टापर्यंत जातं. जे शूटर सरावासाठी किंवा स्पर्धेसाठी युरोपात जातात त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. इंग्लंडात बर्मिंगहॅमला एले आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआ, दोघांच्याही चाचणी रेंज आहेत. तिथे तुमची रायफल शिकंज्यात बसवून अनेक लॉट मारून पाहता येतात आणि निवडलेला लॉट राखून ठेवायला सांगता येतो.

आधी रायफल, मग गोळी

ढिला स्क्रू असलेल्या रायफलवर लॉट तपासणं म्हणजे वाकड्या तराजूवर सोनं तोलणं. ॲक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) दोन्ही स्क्रू टॉर्क रेंचने (ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने), बनवणाऱ्याने दिलेल्या आकड्यावर आवळा. हाताच्या अंदाजाने नको. साइटचे आणि बट-प्लेटचे (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीचे) स्क्रू तपासा. बॅरलचं तोंड भिंगाखाली पाहा. तिथे बारीक ओरखडा असेल तर कोणताच लॉट गोल ग्रुप देणार नाही.

मग चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खोबणीच्या, पुढची जागा. जिथे काडतुसाची नळी संपते आणि रायफलिंग (बॅरलमधल्या पिळदार खाचा) सुरू होतं तिथे जळक्या बारुदाचं आणि शिशाचं कडक कडं साचतं. ग्रुप हळूहळू उघडत गेला आणि दर थोड्या वेळाने एक गोळी विनाकारण बाहेर जाऊ लागली की पहिला संशय या कड्यावर घ्यावा. सॉल्व्हंट लावलेला पॅच (कापडाचा तुकडा) दहा मिनिटं तिथे मुरू द्या, मग रॉड गाइड (सफाईची सळई सरळ ठेवणारी नळी) वापरून चेंबरच्या बाजूने ब्रश फिरवा आणि कोरडे पॅच काढा. तोंडाच्या बाजूने रॉड घालू नका.

साफ केलेली बॅरल लगेच खरं बोलत नाही. .२२ ची गोळी बाहेरून मेणकट वंगणात बुडवलेली असते आणि त्या वंगणाचा सारखा थर बॅरलभर बसल्यावरच फटके स्थिरावतात. प्रत्येक कंपनीचं वंगण वेगळं. त्याच ब्रँडचा दुसरा लॉट लावताना दहा गोळ्या वाया घालवा, ब्रँड बदलताना वीस. इथे कंजूषी केली की नव्या ब्रँडचे पहिले फटके जुन्या वंगणावरून जातात आणि चांगला लॉट नापास होतो.

मारायचं कसं

तपासायला टेबल, पुढे रेस्ट (रायफल टेकवायचा आधार) आणि बटाखाली वाळूची पिशवी घ्या. सराईत प्रोन शूटरला स्लिंगवरही (हाताला बांधलेल्या पट्ट्यावर) चालतं, पण मग तीन लॉट तपासता तपासता येणारा थकवा तिसऱ्या लॉटच्या खात्यावर जातो. शक्य असेल तर चाचणीपुरता स्कोप (नेमाची दुर्बीण) लावा आणि त्याचा पॅरालॅक्स (डोळा हलला तरी नेम न हलण्यासाठीची जुळणी) ५० मीटरवर ठेवा. रेस्ट प्रत्येक वेळी स्टॉकच्या (रायफलच्या दस्त्याच्या) त्याच जागी लागली पाहिजे, बॅरलला मुळीच नाही.

वाऱ्याचा हिशेब आधी करा. सेकंदाला १ मीटरचा आडवा वारा, म्हणजे जेमतेम पानं हलवणारा, ५० मीटरवर गोळी सुमारे ६ मिलिमीटर ढकलतो. दोन लॉटमधल्या फरकापेक्षा हे कितीतरी जास्त. वरळीला ऊन चढलं की समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा सकाळचं पहिलं सत्र पकडा. जून ते सप्टेंबर चाचणीचा नाद न केलेलाच बरा, उघडीप बघून सुद्धा वारा फसवतो.

पन्नासच्या एका डबीत हिशेब नीट बसतो: १० वंगणासाठी, ४० मोजणीसाठी. दुसरी डबी ब्रँड बदलताना आणि फेरतपासणीला लागते. चाळीस गोळ्या एकाच काळ्यावर (टार्गेटच्या मधल्या काळ्या गोलावर) मारू नका, एकात एक भोकं मिसळतात आणि मोजता येत नाहीत. आठ टार्गेटवर पाच-पाच मारा आणि मध्ये साइटला हात लावू नका. सगळी टार्गेटं नेमाच्या मध्यावर एकमेकांवर ठेवली की चाळीस फटक्यांचा एकच ग्रुप तयार होतो.

एकाच ब्रँडचे लॉट असतील तर ते आलटून-पालटून मारा: ‘अ’ ची दोन टार्गेटं, ‘ब’ ची दोन, ‘क’ ची दोन, पुन्हा ‘अ’. बदललेला वारा आणि तापलेली बॅरल यांचा त्रास सगळ्यांना सारखा वाटला जातो. सुरुवातीच्या दहांनंतर अशा मधल्या प्रत्येक बदलाला पहिल्या चार-पाच गोळ्या कोपऱ्यातल्या वेगळ्या काळ्यावर मारा आणि त्या दुसऱ्या डबीतून घ्या. वेगळ्या ब्रँडना ही अदलाबदल जमत नाही, वंगण आडवं येतं. ते एकामागून एक पूर्ण उरकावे लागतात, म्हणून शांत सकाळ हवी.

काडतूस अंगठ्याने आत ढकलताना दर वेळी सारखाच अडसर जाणवला पाहिजे. मॅच चेंबरमध्ये गोळीचं टोक रायफलिंगमध्ये रुततं. एखादं जास्तच घट्ट गेलं तर ती गोळी मोजणीत धरू नका. भरलेलं काडतूस तापलेल्या चेंबरमध्ये वारा थांबायची वाट पाहत मिनिटभर ठेवू नका. मेण मऊ होतं, बारूद तापतं आणि फटका भलतीकडे जातो. न मारता काडतूस बाहेर ओढायचाही शक्यतो प्रयत्न टाळा. गोळी बॅरलमध्ये अडकून राहते आणि बारूद ॲक्शनमध्ये सांडतं.

चाप ओढल्यावर नुसता टिक आवाज आला तर तोंड टार्गेटकडेच ठेवून ३० सेकंद थांबा, मग बोल्ट उघडा. आवाज नेहमीपेक्षा दबका आला तर पुढची गोळी भरायच्या आत बोल्ट काढा आणि बॅरलमधून आरपार उजेड दिसतो का पाहा. गोळी आत अडकलेली असताना दुसरी मारली तर बॅरल फुगते. एका डबीत दोन मिसफायर झाले तर ग्रुप कितीही सुंदर असो, तो लॉट स्पर्धेला नेऊ नये.

मोजणी

बहुतेक जण ग्रुपची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी मोजतात आणि थांबतात. त्या पद्धतीत चाळीस गोळ्यांपैकी फक्त दोन गोळ्या बोलतात, बाकी अडतीस गप्प. शिवाय गोळ्या वाढल्या की रुंदी आपोआप वाढते. पाच गोळ्यांचा ग्रुप त्याच लॉटच्या दहा गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने पाचवा हिस्सा लहान दिसतो. व्हॉट्सॲपवर फिरणारे पाच गोळ्यांचे एकाच भोकाचे फोटो यामुळेच इतके देखणे असतात.

सरासरी त्रिज्या काढा. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक फटक्याचे आडवे-उभे अंक तयार मिळतात. कागद असेल तर शाळेतला मिलिमीटरचा आलेख कागद काळ्यामागे धरून मध्य जुळवा आणि प्रत्येक भोकाचे दोन अंक लिहा. सगळ्या आडव्या अंकांची सरासरी, सगळ्या उभ्या अंकांची सरासरी: हा ग्रुपचा मध्य. त्या मध्यापासून प्रत्येक फटक्याचं अंतर काढून त्यांची सरासरी घ्या. मोबाइलमधल्या स्प्रेडशीटमध्ये हे दहा मिनिटांचं काम आहे.

आता संयम. चाळीस गोळ्यांवरून काढलेला हा आकडाही साधारण ८ टक्के इकडेतिकडे असू शकतो. दहा गोळ्यांवरून काढला तर १६-१७ टक्के. म्हणजे ३.० आणि ३.२ मिलिमीटर हे दोन लॉट व्यवहारात सारखेच, त्यात जो स्वस्त किंवा जो जास्त शिल्लक तो घ्या. ३.० आणि ४.० मात्र खरा फरक. मधलं काही आलं, जसं ३.० आणि ३.५, तर आणखी एकेक डबी मारल्याशिवाय निकाल देऊ नका.

बाहेर गेलेली गोळी वगळायचा मोह सगळ्यांना होतो. नियम एकच: फटका स्कोपमधून किंवा पडद्यावर बघायच्या आधी ‘ही हलली’ असं तोंडाने म्हटलं असेल तरच ती वगळा. बघितल्यावर सुचलेलं कारण धरायचं नाही.

आकारही वाचा. उभा ताणलेला ग्रुप म्हणजे वेगातली तफावत किंवा बट खांद्यात वरखाली सरकणं. दुसऱ्या लॉटने त्याच बैठकीत गोल ग्रुप दिला तर दोष काडतुसाचा. आडवा ताण बहुधा वाऱ्याचा. दोन वेगळे झुबके पडले तर काडतुसं बाजूला ठेवा आणि पुन्हा स्क्रू तपासा.

रिमची (काडतुसाच्या बुडाच्या कडेची) जाडी मोजून किंवा काट्यावर वजन करून काडतुसं वेगळी करण्याचा एक छंद आहे. वजनात शिसं, पितळ, बारूद सगळंच येतं, त्यामुळे फरक नेमका कशाचा ते कळत नाही. चांगल्या लॉटवर याचा उपयोग नगण्य आणि वाईट लॉट यामुळे चांगला होत नाही.

मुंबईची हवा

युरोपात २० अंशांच्या बंद रेंजमध्ये तपासलेला लॉट इथे ३३ अंशांत थोडा वेगाने सुटतो. घाबरायचं कारण नाही: तापमानासोबत ध्वनीचा वेगही वाढतो, २० अंशांना ३४३ तर ३३ अंशांना सुमारे ३५१ मीटर. गोळी सबसॉनिकच राहते. साइट मात्र इथल्या हवेत पुन्हा जुळवा.

खरा शत्रू घाम आणि ऊन. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत काडतुसं ठेवली की मेण पातळ होऊन एका बाजूला ओघळतं आणि त्या डबीचा ग्रुप पसरतो. मॅटवर उघडी डबी उन्हात ठेवू नका, रुमाल टाका. समुद्राकाठची बारीक वाळू त्या चिकट मेणाला लागते आणि तीच पुढे बॅरल घासते. खाली पडलेलं काडतूस पुसून भरू नका, पुसलं तर मेण जातं, न पुसलं तर वाळू आत जाते. ते बाजूलाच ठेवा. एसी खोलीतून थेट दमट हवेत डबी उघडली तर काडतुसांवर पाणी धरतं. रेंजवर पोचल्यावर डबी बंदच ठेवून अर्धा तास जाऊ द्या. घरी घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात पुड्या दर महिन्याला बदलायच्या. तो डबा कुलपात.

दहा मीटर एअर रायफलवाल्यांसाठी दोन ओळी. तुमच्याकडे बारूद नाही, त्यामुळे प्रश्न छर्‍याच्या डोक्याच्या मापाचा: ४.४९, ४.५० की ४.५१. तिन्ही मापांचे डबे क्लबात मिळून मागवा, शिकंज्यातून प्रत्येकी तीस छर्रे मारा, मोजणी वरच्यासारखीच. इथेही डब्यावरचा लॉट नंबर लिहून ठेवा.

लॉट ठरला की हंगामाचा हिशेब करा. आठवड्याला चार दिवस, रोज ऐंशी गोळ्या म्हटलं तर ५,००० ची पेटी जेमतेम चार महिने टिकते. परवाना आणि खिसा दोन्ही तेवढे पुरत नसतील तर चांगला लॉट स्पर्धांसाठी आणि त्यांच्या आधीच्या दोन आठवड्यांसाठी राखा, एरवी त्याच ब्रँडचा खालचा प्रकार मारा म्हणजे वंगणाची भानगड होत नाही. वहीत लॉट नंबर, तारीख, तापमान, सरासरी त्रिज्या आणि साइटचे क्लिक एवढं टिपा. बॅरलची खोल सफाई झाली किंवा ॲक्शन स्टॉकमधून काढून पुन्हा बसवली, की राखून ठेवलेल्या लॉटच्या वीस गोळ्या मारून वहीतल्या आकड्याशी ताडून पाहा.